मुक्त सॉफ्टवेअरच्या स्टॉलवर माणसं थांबतील कशी?

दिवाळी आटोपली की प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. बचत गटांची विक्री प्रदर्शनं तर आपल्याला पाठच झाली आहेत. पण तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या हॉलमध्ये छंद प्रदर्शनही भरतं. एका टेबलावर जुनी नाणी, दुसऱ्यावर पोस्टाची तिकिटं, पलीकडे बोन्सायची झाडं, काड्यापेट्यांची घरं, कागदाची कानातली, रांगोळ्या. आमच्या रेडिओ केंद्रातल्या आणि केंद्राच्या संगणक वर्गातल्या आम्ही काही जणी तिथे एक टेबल घेतो. आमच्या टेबलावर विकायला काही नसतं. आम्ही तिथे मुक्त सॉफ्टवेअर दाखवतो. बऱ्याच गटांनी आम्हाला विचारलं, की अशा स्टॉलवर माणसं येतात तरी कशाला, आणि आली तर थांबतात का? म्हणून आज त्यावरच बोलू.

अडचण खरी आहे. लोणच्याच्या स्टॉलवर चमचाभर लोणचं हातावर ठेवलं की पुढचं काम लोणचंच करतं. सॉफ्टवेअर कुणाच्या हातावर ठेवायचं? ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. लॅपटॉप उघडून बसलेली बाई दिसली, की येणाऱ्या बायकांना वाटतं ही कसले तरी फॉर्म भरून घेते आहे. त्या लांबूनच वळतात. आणि हॉलमध्ये चाळीस टेबलं असली, तर एका टेबलापाशी पाय रेंगाळायला क्षणभरच मिळतो.

आधी मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. आपल्या आईकडे रांगोळीची वही असायची. शेजारणीकडून ठिपके मोजून उतरवलेली, कुठे कमळाच्या जागी पणती घातलेली, पुढे नणंदेने उतरवून नेलेली. कुणी पैसे मागितले नाहीत, आणि ‘माझी रांगोळी बदलू नकोस’ असंही कुणी म्हटलं नाही. ज्या सॉफ्टवेअरची आतली मांडणी अशी उघडी ठेवलेली असते, जे कुणीही वापरावं, समजून घ्यावं, बदलावं आणि दुसरीला द्यावं, ते मुक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली या विचाराचं काम जाहीरपणे सुरू केलं. त्यांनी शब्द वापरला ‘फ्री सॉफ्टवेअर’. आता इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे मोकळंही आणि फुकटही. ऐकणाऱ्याचा घोटाळा व्हायचा. 1998 मध्ये क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला, तो याचसाठी. त्यांचं म्हणणं होतं, की नव्या माणसाला ‘फ्री’ म्हटलं की त्याचं लक्ष किमतीवर जातं आणि मुद्दा राहूनच जातो. आज जगभर चालणारा हा शब्द एका बाईने दिलेला आहे, हे स्टॉलवर सांगायला आम्हाला फार आवडतं.

मराठीत आपण सुदैवी. आपल्याकडे ‘फुकट’ वेगळा आणि ‘मुक्त’ वेगळा. म्हणून आमच्या फलकावर ‘फुकट’ हा शब्द आम्ही लिहीत नाही. प्रदर्शनात फुकट म्हटलं की दोन गोष्टी होतात. काही जणी पिशवी पुढे करतात, काय मिळेल ते घेतात आणि जातात. आणि शहाण्या बायका सावध होतात, कारण फुकटच्या कुपनामागे कुणाचं तरी काहीतरी असतंच, हे त्यांनी पाहिलेलं असतं. दोघीही थांबत नाहीत. पैसे लागत नाहीत हे सांगायचं, पण शेवटी, विचारल्यावर.

मग पुढे काय ठेवायचं? आम्ही पुढे सुई ठेवतो.

बऱ्याच गटांनी कर्ज काढून भरतकामाचं मशीन घेतलं आहे. ब्लाउजची पाठ, बाह्या, बाळाचं टोपरं, शाळेच्या गणवेशाचे बिल्ले अशी कामं त्यावर होतात. मशीन नक्षी भरतं ते फाइल बघून. ही फाइल येते कुठून? एकतर शहरातल्या माणसाकडून एकेक नक्षी पैसे देऊन करून घ्यायची. नाहीतर फाइल तयार करण्याचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, त्याची किंमत हजारांपासून थेट लाखापर्यंत जाते. तिसरी वाट म्हणजे दुकानदाराने टाकून दिलेली चोरीची प्रत. ती कधी बंद पडेल, सोबत कोणता व्हायरस घेऊन येईल, याचा नेम नाही, आणि बिघडली तर कुणाला विचारायचीही सोय नाही. मशीन आपलं, पण नक्षी दुसऱ्याची. गिऱ्हाईक म्हणालं, माझ्या सुनेचं नाव घाला, तर आपण दोन दिवस थांबा म्हणतो. हप्ता मात्र थांबत नाही.

यावर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उत्तर आहे. इंकस्केप नावाचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर 2003 पासून आहे. त्याला इंक-स्टिच नावाची एक जोड मिळते. इंकस्केपमध्ये काढलेल्या आकाराला टाके कसे घालायचे, ते इंक-स्टिच ठरवतं: कुठे साधा धावदोरा, कुठे भरीव टाका, कुठे सॅटिनसारखी झळाळती पट्टी. मग तुमच्या मशीनला समजेल अशी फाइल काढून देतं. पेनड्राइव्हमध्ये घ्यायची, मशीनला लावायची. साध्या लॅपटॉपवर हे सगळं चालतं.

आता हे सगळं टेबलामागे उभं राहून सांगितलं, तर कोण ऐकेल? म्हणून फलकावर आम्ही एवढंच लिहितो: ‘तुमचं नाव, तुम्ही निवडलेल्या अक्षरात, तुमच्यासमोर भरून मिळेल.’ ‘मुक्त सॉफ्टवेअर’ हे शब्द खाली, बारीक. टेबल आडवं लावून त्याच्यामागे बसायचं नाही, ते भिंतीसारखं होतं. टेबल बाजूला सरकवून मशीन पुढच्या कोपऱ्यावर ठेवायचं, सुई येणाऱ्यांना दिसेल अशी. लॅपटॉपचा पडदा आपल्याकडे नको, त्यांच्याकडे. दोन स्टुलं ठेवायची, कारण गुडघे धरलेली बाई उभी राहून ऐकत नाही. आणि स्टॉलवरच्या बाईने मोबाइल पर्समध्ये टाकायचा. मान खाली घालून बसलेल्या दुकानदाराकडे आपण तरी कुठे जातो?

चालू मशीनचा आवाज फार उपयोगी आहे. टकटक ऐकू आली की आधी पोरं येतात. पोरांमागे आया येतात. म्हणून गिऱ्हाईक नसलं तरी आम्ही मशीन बंद ठेवत नाही, काहीतरी भरत ठेवतो.

आता मिनिटांचा हिशेब सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. घरगुती मशीन मिनिटाला साधारण 400 टाके घालतं. तीन अक्षरी नाव हजार-बाराशे टाक्यांत बसवलं, तर तीन मिनिटांचं काम. कापड फ्रेममध्ये ताणणं आणि शेवटी धागे कापणं यांना आणखी दोन मिनिटं. म्हणजे एकेका नावाला पाच मिनिटं, तासाला बारा बायका. ही तीन मिनिटं सोन्यासारखी असतात. स्वतःचं नाव भरलं जात असताना कुणी निघून जात नाही. तेव्हाच बोलायचं. लॅपटॉपवर तेच टाके एकामागून एक पडताना दाखवता येतात, इंक-स्टिचमध्ये ती सोय आहे. पडद्यावरचा टाका आणि कापडावरचा टाका शेजारी शेजारी दिसले, की ‘सॉफ्टवेअर म्हणजे काय’ हा प्रश्नच उरत नाही.

रांग वाढली तर? दहा सेंटीमीटरच्या फ्रेममध्ये चार नावं एकाखाली एक सहज बसतात. कापड एकदाच ताणावं लागतं, वेळ वाचतो. शिवाय चौघी एकत्र उभ्या राहतात, एकमेकींची नावं वाचतात, कुणाची मावशी कुणाच्या गावची निघते, आणि गप्पा आपोआप सुरू होतात. बाकीच्यांना आम्ही आकडा घातलेलं टोकन देतो आणि अमुक वाजता या म्हणतो. बायका हॉल फिरून परत येतात, येताना बरोबर आणखी एकीला आणतात. टोकनला खर्च काय, तर पुठ्ठ्याचा तुकडा.

नाव देवनागरीत भरायचं असेल, तर थोडी पूर्वतयारी लागते. अक्षराचा टंक जाडसर हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘बालू’ नावाचा टंक आम्ही वापरतो. तोही मुक्त आहे. अक्षरं लिहून झाली की त्यांचे आकार करायचे आणि सगळे आकार एकत्र जोडून घ्यायचे. नाहीतर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढते तिथे टाके दोनदा पडतात आणि गाठ येते. दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा लहान अक्षर घेऊ नये, मात्रा आणि वेलांट्या गच्च होतात. नेहमीची नावं आम्ही आदल्या रात्रीच तयार करून ठेवतो. बाईसमोर फक्त रंग आणि आकार बदलायचा.

आणि नाव कोणतं? हा प्रश्न आम्हाला आधी साधा वाटला होता. पण ‘नाव सांगा’ म्हटलं, की बऱ्याच जणी नातवाचं सांगतात, मुलाचं सांगतात. ‘तुमचं सांगा की’ म्हटलं की हसतात. एक वयस्क काकू बराच वेळ घुटमळल्या आणि मग हळूच म्हणाल्या, माहेरचं घातलं तर चालेल का? लग्नात नाव बदललेल्या कितीतरी जणी आहेत आपल्यात. चाळीस-पन्नास वर्षं कुणी न हाकारलेलं नाव हिरव्या दोऱ्यात भरून त्यांनी चोळीच्या खिशात ठेवलं. काकूंकडे मशीन नाही, लॅपटॉपही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या दोन सुनांना घेऊन आल्या, आणि सुनांपैकी एक शिवणकाम करणारी निघाली.

‘आम्हाला कुठे येतंय कॉम्प्युटर’ असं म्हणणाऱ्या बाईला समजावत बसू नये. तिच्या हातात स्केचपेन द्यावा. ती ठिपक्यांची रांगोळी कागदावर काढते, डोळे मिटून काढते. जाड रेषेत काढलेल्या रांगोळीचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, इंकस्केपमधल्या ‘ट्रेस बिटमॅप’मधून तो आकारात आणायचा, आणि टाके द्यायचे. तिची रांगोळी तिच्यासमोर रुमालावर उमटते. आता माउस हातात घ्यायला ती स्वतःच हात पुढे करते, आपल्याला म्हणावं लागत नाही.

ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांचं काय, हे विचारायलाच हवं, कारण आपल्यातल्या बहुतेकींकडे ते नाही. त्यांच्यासाठी आम्ही तीच नक्षी हव्या त्या मापात कागदावर छापून देतो. कागदाला टाचणीने भोकं पाडून खाका करायचा आणि हाताने भरायचं. लाइट गेली तरी हे काम थांबत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, स्केचपेनला वीज लागत नाही. तरी आधीच संयोजकांकडे विजेचा पॉइंट मागून ठेवावा आणि लांब वायरचा बोर्ड घरून न्यावा. हॉलमधला पॉइंट नेमका आपल्या टेबलापासून लांब असतो.

आमच्या स्टॉलचा दुसरा कोपरा आवाजाचा असतो. हे तुम्ही रेडिओवर जे ऐकता, ते आम्ही ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापतो, जोडतो, खोकला आणि कुत्र्याचं भुंकणं काढून टाकतो. 2000 साली पहिल्यांदा बाहेर आलेलं हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे. स्टॉलवर आम्ही बायकांना उखाणा घ्यायला सांगतो. माइक तोंडाजवळ धरायचा, कानाला हेडफोन, कारण हॉलमध्ये गलका असतो. बोलता बोलता आपला आवाज पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखा उमटतो. मग तोच आवाज बारीक करून ऐकवायचा, जाड करून ऐकवायचा. एकीने घेतला की दुसरीला राहवत नाही, आणि हसण्याचा आवाज ऐकून तिसऱ्या टेबलावरची माणसं येतात. एक पथ्य मात्र पाळायचं. उखाण्यात नवऱ्याचं नाव असतं, घरातलं बोलणं असतं. रेडिओवर लावू का, असं विचारल्याशिवाय कुणाचा आवाज ठेवून घ्यायचा नाही. ‘नको’ म्हणाली, तर तिच्यासमोर पुसून टाकायचा. हे पाहिलं की शेजारी उभी असलेलीही बोलायला तयार होते.

असे स्टॉल आपण एकट्याच लावतो असं नाही. बेल्जियममधल्या ब्रसेल्स शहरात दर हिवाळ्यात फॉसडेम नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा मेळावा भरतो. प्रवेशाला पैसे नसतात. तिथे व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरची मंडळी डोक्यावर नारिंगी शंकूच्या टोप्या घालून उभी असतात. रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात ना, तसला शंकू. 1996 च्या सुमारास फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं आणि त्यांच्या वसतिगृहातले गोळा केलेले शंकू हेच पुढे त्याचं चिन्ह झालं. डोक्यावर शंकू घातलेला माणूस दिसला की कुणीही विचारतंच, हे काय? आम्ही टोप्या घालत नाही, आपल्याकडे ते नाटकी वाटेल. पण शंकूचं चित्र टेबलावर चिकटवतो आणि पोरांना विचारतो, हे कुठे पाहिलंय? ‘आमच्या कॉम्प्युटरवर!’ असं उत्तर येतंच. मग आईला सांगता येतं, की ताई, मुक्त सॉफ्टवेअर तुमच्या घरात आधीच आलेलं आहे. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या गाभ्यावर चालतो. परकं वाटणारं काहीतरी आपल्याच खिशात आहे म्हटल्यावर चेहरा बदलतो.

स्टॉलवर ठरलेले काही प्रश्न येतात, त्यांची उत्तरं पाठ असू द्या. दादा लोक हमखास विचारतात, ‘यात तुमचा फायदा काय?’ खरं ते सांगावं. आजूबाजूच्या गावांत आणखी दहा जणी हे शिकल्या, तर अडलं की विचारायला आम्हाला माणूस मिळतं, आणि नक्ष्यांची देवाणघेवाण होते. बनवणारे कोण, असं विचारलं तर सांगावं, वेगवेगळ्या देशांतले लोक, बरेचसे स्वतःच भरतकाम करणारे. ‘फोटो दिला तर आमच्या दोघांचं चित्र भरून मिळेल का?’ हा प्रश्नही येतो. इथे बढाई मारू नये. फोटो टाकला आणि बटण दाबलं की सुंदर भरतकाम झालं, असं होत नाही. नाव आणि साधी फुलं पंधरा दिवसांत जमतात. पैठणीच्या मोरासारखं काम नीट बसायला काही महिने हात बसवावा लागतो. हे स्पष्ट सांगितलं की शिकायला येणारी बाई टिकून येते.

घरी नेण्यासाठी आम्ही छापील पत्रकं फार वाटत नाही, ती दारापाशीच खाली पडलेली दिसतात. भरलेलं नावच तिच्याबरोबर जातं. त्या कापडाच्या मागच्या कागदावर आमच्या वर्गाचा वार आणि वेळ लिहिलेली असते. हळदीकुंकवाच्या वाणासारखं ते घरात चार जणींना दाखवलं जातं. कुणी पेनड्राइव्ह आणला असेल, तर सॉफ्टवेअर त्यावर घालून देतो आणि पुढे आणखी कुणाला द्यायला हरकत नाही हेही सांगतो. चोरीची प्रत देताना जी भीती असते ती इथे नाही.

आणि एक वही ठेवतो. तीत नाव, गाव, आणि मशीन असलं तर त्याला कोणती फाइल लागते ते लिहितो. काही मशीन पीईएस फाइल वाचतात, काही जेईएफ, मोठी मशीनं बहुधा डीएसटी. डीएसटी फाइलमध्ये रंग साठत नाहीत, फक्त दोरा कुठे बदलायचा एवढंच असतं, म्हणून रंगांचा क्रम वेगळा लिहून द्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे मोराची मान लाल आणि चोच निळी झालेली आम्ही पाहिली आहे. फोन नंबर आपण मागायचा नाही, तिने दिला तर घ्यायचा. घेतला तर आठ दिवसांच्या आत फोन करायचा. महिन्याने केला तर ती विचारते, कोण बोलतंय?

टोकन किती वाटली याचा आकडा संयोजक विचारतात, तो त्यांना देतो. आम्ही बघतो ते वेगळं. पहिल्या दिवशी नाव भरून नेलेली बाई दुसऱ्या दिवशी स्वतःची नक्षी कागदावर काढून आणते का? आणली, तर तिच्यासाठी स्टूल मोकळं करून द्यायचं आणि रांगेला जरा थांबवायचं.

पुढच्या मंगळवारी दुपारी याच वेळेला इंकस्केपमध्ये देवनागरी नावाला टाके कसे द्यायचे, ते पायरीपायरीने सांगणार आहोत. वही-पेन घेऊन बसा, आणि ज्यांच्या गटात मशीन आहे त्यांनी ते कोणती फाइल वाचतं हे मशीनच्या पुस्तकात आधी बघून ठेवा.